आवडीचा रकाना

“आधी चारशे सतरा घे,” मी म्हणालो. “मग चूळ भर. मग दोनशे आठ.”

ही पलंगावर दोन उशांना टेकून बसली होती. पुढ्यात ट्रे, ट्रेमध्ये अकरा वाट्या, प्रत्येक वाटीवर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर तीन आकडी नंबर. सूप अकराही वाट्यांत एकच होतं, बटाटा आणि गाजराचं. फरक होता तो मिठाचा, साखरेचा आणि लिंबाचा, आणि तो मी सकाळपासून काट्यावर तोलून केला होता. चूळ भरायला कोमट पाणी, थुंकायला पसरट भांडं, टोक काढलेली पेन्सिल आणि कारखान्यातून आणलेला छापील तक्ता, सगळं जिथल्या तिथे.

“अहो, बायको आहे मी तुमची,” ही म्हणाली. “नमुने चाखायला ठेवलेली बाई नाही.”

“तू चाख तर खरं.”

हिने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि मला बरं वाटावं म्हणून बराच वेळ मिटून ठेवले.

“पाणी,” ही म्हणाली.

“आणि दोनशे आठ?”

“कोमट पाणी.”

अकरा वाट्यांना अर्धा तास लागला. आमच्या तक्त्यावर चार रकाने असतात: गोड, आंबट, खारट, कडू. हिने चारही रकान्यांत इमानेइतबारे शून्यं भरली. मग माझ्याकडून फूटपट्टी मागून घेतली, उजवीकडच्या कोऱ्या समासात वरून खालपर्यंत एक रेघ मारली आणि डोक्यावर लिहिलं, ‘आवड’. खाली अकरा फुल्या मारल्या.

“असा रकाना नसतो,” मी म्हणालो.

“माहीत आहे,” ही म्हणाली. “एकतीस वर्षं माहीत आहे.”

माझा धंदा सांगितला की लोक आधी हसतात आणि मग तोंड वाईट करतात. मी लहान मुलांची औषधं पितो. पितो म्हणजे चाखतो आणि थुंकतो. आमचा कारखाना पातळ औषधं बनवतो, ती मुळात इतकी कडू असतात की पोर चमचा दिसला तरी पलंगाखाली शिरेल. ते औषध पोराने गिळावं, थुंकू नये, इतपत त्याची चव लावून द्यायची, हे माझं काम. कारखान्यात मला जीभसाहेब म्हणतात. कोणी कौतुकाने म्हणतं, कोणी टवाळीने. मी दोन्ही चालवून घेतो.

लोकांना वाटतं, कडूवर साखर ओतली की भागलं. मलाही तसंच वाटायचं. ज्यांनी मला हे शिकवलं त्या म्हाताऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी माझ्यापुढे दोन पेले ठेवले. एकात कडू औषध आणि भरपूर साखर, दुसऱ्यात तेवढंच औषध, निम्मी साखर आणि नखावर मावेल इतकं मीठ. दुसरा पेला जास्त गोड लागला. उस्ताद म्हणाले, “कडूला गोडाने मारू नये, बाळा, मिठाने मारावं. मीठ कडूला दाबून धरतं, मग गोड आपसूक डोकं वर काढतं.” पुढे त्यांनी मला आंबट आणि गोड एकमेकांचा आवाज कसा खाली आणतात ते दाखवलं, चिमूटभर मीठ गोडाला पुढे कसं ढकलतं आणि मूठभर मीठ सगळ्यांच्याच उरावर कसं बसतं, तेही दाखवलं. “मिश्रणात कोणीतरी कोणामुळे तरी गप्प झालेलं असतं,” ते म्हणायचे. “कोण ते ओळखायचं. बास, एवढीच आपली नोकरी.”

त्यांचे नियम दोन. एक, चव सांगा, आवड सांगू नका. तुम्हाला काय आवडतं याच्याशी कारखान्याला काही देणंघेणं नाही. आणि दोन, जीभ जपा. मिरची नाही, लसूण नाही, कढत चहा नाही. तिखटाचा तर त्यांना मनापासून राग होता. तक्त्यात तिखटाचा रकाना का नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “तिखट ही चवच नव्हे. ते दुखणं आहे, जिभेला झालेलं दुखणं.”

मी शहाणा माणूस. दोन्ही नियम घरी घेऊन आलो. लग्नाला आठवडा झाला असेल, हिने तासभर खपून काहीतरी रांधलं, ताट पुढे ठेवलं आणि विचारलं, “कसं झालंय?” मी नीट चाखलं. मग म्हणालो, “मीठ किंचित जास्त आहे. शेवटी जरासं तुरट लागतं.” ही मोठ्याने हसली. पुढे वर्षभर ही विचारत राहिली आणि मी सांगत राहिलो. मग हिने विचारायचं सोडून दिलं. मला वाटलं, स्वयंपाकात आता तरबेज झाली, विचारायची गरज उरली नाही.

घरात तेव्हापासून सगळं सौम्य, जवळजवळ अळणीच. लेक त्यावरच वाढली आणि नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. ही माझ्यासोबत तेच जेवायची, कधी हूं की चूं केलं नाही. ‘आमच्या हिच्या जिभेचे काही चोचले नाहीत,’ असं मी कारखान्यात अभिमानाने सांगत असे.

मग हिचं आजारपण आलं. औषध सुरू झालं, आणि दुसऱ्या खेपेनंतर हिच्या तोंडाची चव गेली. आधी सगळं गंजलेल्या खिळ्यासारखं लागायचं, मग काहीच लागेना. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या. त्यांनी हिला काट्यावर उभं केलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “एकोणचाळीस किलो. चाळीसच्या खाली मी पुढचं औषध देऊ शकत नाही, ते त्यांना झेपणार नाही. पंधरा दिवस देते. काय खातील ते खाऊ घाला.” काय खातील ते! जगातल्या कोणत्याही पोराला कसलंही विष गोड करून पाजणारा माणूस मी. मला वाटलं होतं, हे तर आपल्या हातचं काम. म्हणून त्या अकरा वाट्या.

हिने पेन्सिल खाली ठेवली.

“आता माझं ऐकाल? स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे एक बरणी आहे. तेवढी आणा.”

“कसली बरणी?”

“आणा तर.”

बरणी काचेची, वीतभर उंच. जवळजवळ रिकामी होती, तळाच्या खाचेत कसलीशी तांबडी-काळी पूड चिकटली होती. मी झाकण उघडलं आणि हुंगलं. तो वास माझ्या चांगलाच ओळखीचा होता. कामावरून येऊन दार उघडलं की यायचा तोच.

“हा तर आपल्या घराचा वास आहे,” मी म्हणालो.

“घराला कुठला आलाय वास?” ही म्हणाली. “ह्या बरणीचा आहे तो. मिरचीची पूड आहे माझी.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ही पूड करत होती. मी कामावर गेलो की मिरच्या भाजायच्या, कुटायच्या, बरणी डब्यामागे लपवायची. माझ्यासोबत दोन घास खायचे आणि दुपारी मी पडलो की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खरं जेवायचं. मग हात लिंबाने घासायचे. तीस वर्षं ताकास तूर लागू दिली नाही, आणि तेही कोणाला, तर ज्याच्या नाकाजिभेवर एक अख्खा कारखाना चालतो त्याला. रोजचा वास नाकाला कळत नाही, हे मी नव्या लोकांना शिकवतो. दोन नमुन्यांच्या मध्ये चूळ भरा, नाहीतर जीभ आंधळी होते, हेही शिकवतो.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही म्हणाला असता, तिखट ही चव नव्हे, दुखणं आहे.”

“ते आहेच.”

“असू दे की. मला आवडतं ते दुखणं.” ही म्हणाली. “परवा नुसतं बोट फिरवलं बरणीत. अहो, लागलं! बाकी काही लागत नाही, पण ते लागलं. जिभेवर कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं.”

उस्तादांचं वाक्य मी एकतीस वर्षं पाठ म्हटलं होतं आणि त्याचा अर्थ आज कळत होता. औषधाने हिची चव मेली होती. दुखणं शाबूत होतं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तोंडात फोड नसतील तर खुशाल द्या. लेकीलाही फोन केला. तिला बरणीचं सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं?”

कृती हिने सांगितली. लाल मिरच्या, लसूण, लिंबाची वाळलेली साल, मीठ, चिमूटभर साखर. किती, असं विचारलं तर “अंदाजाने.” अंदाज या शब्दाची मला आयुष्यभर चीड. मी वजनं मांडली. मिरच्या मंद आचेवर एकसारख्या भाजल्या, एकीवरही काळा डाग पडू दिला नाही. लिंबाची साल चाळून घेतली. बटाटा उकडला, कुस्करला, वर पूड भुरभुरली.

हिने घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, चेहरा जागा झाला. मी आशेने बघत राहिलो.

“लागतंय,” ही म्हणाली. “पण हे ते नाही. दुसऱ्याच्या घरी जेवल्यासारखं वाटतं.”

दोन घास खाल्ले आणि ताटली सरकवली. दुसऱ्या दिवशी मीठ वाढवलं, तिसऱ्या दिवशी लसूण. दोन घासांच्या वर गाडी सरकेना. पंधरातले पाच दिवस गेले होते.

आता एकच उपाय होता. मूळ बरणीच्या तळाला जे उरलं होतं ते मी स्वतः चाखायचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात तापाच्या नव्या औषधाची शेवटची फेरी होती. वर्षभर मी त्या औषधाच्या मागे होतो. आज मिरची खाल्ली तर उद्या जीभ कामाची राहणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी कारखान्याच्या मिठाला जागणारा माणूस, पाच मिनिटं बरणी हातात धरून उभा राहिलो. एवढी पाच मिनिटं लागावीत, याची मला आजही लाज वाटते.

मग बोट ओलं करून तळाच्या खाचेत फिरवलं आणि तोंडात घातलं.

काय सांगू! कान बंद झाले, नाक वाहू लागलं, उचकी लागली. पण जाळ ओसरताना त्याच्यामागून एकेक जण पुढे यायला लागला. आंबट होतं, साखर होती. मीठ होतं, पण किती! लागतं त्याच्या दुप्पट. इतकं मीठ जीभ शाबूत असलेलं माणूस उगाच घालत नाही. इतकं मीठ घालतात ते कोणाला तरी दाबून धरायला. मी पुन्हा बोट फिरवलं, आणि मिठाच्या खाली तो सापडला. कडू. बारीक, लांबलचक, शेवटपर्यंत न जाणारा कडू.

“तू ह्यात कडू काय घालतेस?” मी नाक पुसत विचारलं.

“कडू? काही नाही.”

“आहे. मिठाखाली आहे.”

“अहो, मी कशाला कडू घालू?” ही म्हणाली, आणि मला ठाऊक आहे, ही खरंच बोलत होती.

सकाळी कारखान्यात गेलो. आमची चाखायची खोली पांढरीफटक, कसलाही वास नसलेली. चौघे आपापल्या कप्प्यात बसले होते. मी प्रयोगशाळेच्या बाईंसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “आज माझी जीभ नाही.”

“सर्दी झाली का?”

“नाही. मिरची खाल्ली.”

कोणाच्या तरी हातून चमचा पडला. मी असं म्हणेन असं त्या खोलीत कोणाला स्वप्नातही वाटलं नसतं. हिच्या आजाराचं त्यांना माहीत होतं. “घरी जा तुम्ही,” त्या हलकेच म्हणाल्या. “आम्ही बघतो.” वर्षभराचं औषध त्या दिवशी दुसऱ्याने पास केलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं. तेवढं वाटलं नाही.

आमच्या इमारतीला बाहेरून लोखंडी जिना आहे. मांजर चढली तरी वाजतो. पहिल्या मजल्यावर दाराशी मशीन मांडून शिंपीणबाई बसलेल्या असतात, हिची जुनी मैत्रीण. मला नऊ वाजताच परत आलेला बघून त्यांचा पाय मशीनवरून निसटला.

“काय हो, लवकर? वहिनी बऱ्या आहेत ना?”

त्यांना पुडीचं माहीत असणारच. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी पायरीवरच टेकलो आणि त्या कडूचं सांगितलं. हिची कृती मोजूनमापून केली तरी तो येत नाही, म्हणालो.

शिंपीणबाई हसायला लागल्या. “अहो, जळकं आहे ते! मिरच्या जळायच्या तिच्या. दर वेळेला.”

“जळायच्या कशा? ही तर तव्यावरून नजर हलवत नाही.”

“इतर वेळेला नाही हलवत. पण तुमची यायची वेळ कुठे ठरलेली? चाखायचं काम संपलं की निघणार, कधी दहाला येणार, कधी बाराला. मिरच्या तव्यावर आणि हिचा कान जिन्याला. जिना वाजला की तवा टाकून धावायची खिडक्या उघडायला. निम्म्या वेळा माझं गिऱ्हाईक असायचं. तोवर मिरच्या काळ्या.” त्यांनी दोरा दाताने तोडला. “मग मीठ घालायची मूठभर. मला ऐटीत सांगायची, कडूला गोडाने मारायचं नसतं, मिठाने मारायचं असतं, आमच्या घरात शास्त्र आहे त्याचं.”

शिंपीणबाई आणखीही काही बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. बादलीभर सरबतात चिमूटभर मीठ पडलं तर ओळखणारा मी, आणि माझ्या घरातला कडू मीच होतो. माझ्या पावलांचा आवाज होता तो. ही एवढी घाबरत होती, ती मला. मी कधी आवाज चढवला नाही, कधी ताट सरकवलं नाही, फक्त चव सांगितली. तेवढ्याने एक माणूस तीस वर्षं चोरासारखं जेवलं. मी त्या पायरीवर बसून रडलो आणि शिंपीणबाईंनी मशीन मुद्दाम मोठ्याने चालवलं.

वर गेलो आणि मिरच्या जाळायला घेतल्या. पहिल्या खेपेला पार कोळसा झाला. दुसऱ्या खेपेला मी इतका सावध, की एकही जळेना. ही पलंगावरून सगळं बघत होती. मला काय कळलंय, हे हिला बहुतेक कळलं होतं.

“अहो, समोर पहारा देऊन नाही जळत त्या,” ही म्हणाली. “इकडे या. बसा माझ्याजवळ. तव्याकडे बघू नका.”

“मग कळणार कसं?”

“जिना ऐका.”

मी पलंगाच्या कडेवर बसलो. हिने माझं मनगट धरलं. दोघं जण दाराकडे तोंड करून जिना ऐकत बसलो. खाली मशीन चाललं होतं. कोणीतरी दोन पायऱ्या चढलं आणि परत उतरलं. हिची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली. मग जळका वास आला.

“आता पळा!” ही ओरडली.

घरभर धूर झाला. मी खोकतोय, ही खोकतेय, आणि खोकता खोकता ही हसायला लागली. इतकं हसली की मला भीती वाटली. खालून शिंपीणबाईंनी विचारलं, “जळल्या का?” आणि ही म्हणाली, “जळल्या, जळल्या!”

त्या दिवशी हिने अख्खा बटाटा खाल्ला. मग अर्धा आणखी मागितला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ही जेवत होती. हिला पोटभर जेवताना मी पहिल्यांदा बघत होतो.

“तुम्ही पण घ्या,” ही म्हणाली, आणि माझ्या तोंडात एक घास घातला. “कसं झालंय?”

“मीठ बरोबर दुप्पट आहे,” मी उचक्या देत म्हणालो. “आंबट मागून येतंय, आणि कडू आता मिठाच्या खाली...”

हिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि मी थांबलो. हिने उशीखालून तो तक्ता काढला. अकरा फुल्यांच्या खाली नवी ओळ आखली, ‘आवड’मध्ये एक ठसठशीत बरोबरची खूण केली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

“ही माझी. आता तुमची.”

मी तोंडाकडे बोट दाखवलं, पाण्याचा पेला उचलला, पीत राहिलो. मला खरंच बोलता येत नव्हतं, पण ते मिरचीमुळे नव्हतं. एकतीस वर्षांत तो शब्द मी कधी वापरलाच नव्हता, आणि आता तो नेमका कसा म्हणायचा ते मला सुचत नव्हतं. हिने थोडा वेळ वाट पाहिली. मग पेन्सिल ठेवून दिली.

“राहू दे. येईल सवयीने.”

पंधराव्या दिवशी काटा चाळीसच्या पुढे दोनशे ग्रॅमवर थांबला. डॉक्टरीणबाईंनी हिला खाली उतरवून पुन्हा उभं केलं, तरी तेवढाच. “काय खाऊ घातलंत?” त्यांनी मला विचारलं.

“दुखणं,” ही म्हणाली, आणि आम्ही दोघं हसलो. बाईंना काही कळलं नाही.

औषध मिळालं. मग आणखी एकदा मिळालं. त्या सगळ्या दिवसांत दर आठवड्याला आम्ही मिरच्या जाळल्या, दाराकडे तोंड करून, मनगट धरून. शिंपीणबाईंच्या गिऱ्हाइकांना खोकल्याची सवय झाली. मी रोज दोन्ही वेळा हिच्यासोबत तिखट जेवलो. कारखान्यात माझा कप्पा बदलून मला तक्ते तपासायला बसवलं, ते बरोबरच होतं.

पण आजाराने औषधाला दाद दिली नाही. हिला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा पहिले काही दिवस सकाळी वजन करायचे. मग एक दिवस काटा आणलाच नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा मी काय ते समजलो. हिच्या पोटात आता पाण्याशिवाय काही जात नव्हतं. मी कापूस भिजवून हिच्या ओठांना लावत बसायचो.

अशाच एका दुपारी मी म्हणालो, “छान होतं.”

हिने डोळे उघडले. “काय?”

“सगळं. तू करायचीस ते. दर वेळेला छान असायचं. मला आवडायचं.”

ही माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रडेल. हिने श्वास गोळा केला, भुवया माझ्यासारख्या वर घेतल्या आणि अगदी माझ्या आवाजात म्हणाली, “मीठ किंचित कमी होतं.”

मग हसली, आणि दमून डोळे मिटले. चौथ्या दिवशी ही गेली.

लेक महिनाभर राहिली. तिने कपाटं आवरली, मला भांडी कुठे काय ते दाखवलं, तिच्याकडे राहायला चला म्हणाली. मी म्हटलं, बघू. तक्ता मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. बाराव्या ओळीत हिच्या खुणेशेजारी मी माझी खूण करून ठेवली आहे. रकाना अरुंद होता, पण मावली.

आज सकाळी बरणी संपली. मिरच्या तव्यावर टाकल्या आणि सवयीने समोर उभा राहिलो. मग आठवलं, पहारा देऊन त्या जळत नाहीत. पलंगाच्या कडेवर जाऊन बसलो, तव्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून, आणि जिना ऐकत राहिलो. खाली मशीन चाललं होतं. एकदा जिना वाजला. पावलं चढत आली आणि पहिल्या मजल्यावर थांबली, शिंपीणबाईंचं गिऱ्हाईक होतं. मी तसाच बसून राहिलो. जळका वास आला तेव्हा उठलो आणि गॅस बंद केला. खिडक्या मात्र उघडल्या नाहीत.